सेकंडहँड ऑटोमॅटिक: 'फॉल्ट कोड शून्य'चा कागद बघून गाडी घेऊ नका

घाटमाथा (पुणे)
धाकट्या भावासाठी जुनी ऑटोमॅटिक बघतोय. परवाची सेडान टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी), सहा गिअर. डीलरने आधी स्कॅनरचा प्रिंटआउट हातात दिला, 'फॉल्ट कोड शून्य', म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने एकही बिघाड नोंदवलेला नाही. गाडी आम्ही पोहोचायच्या आधीच चालू करून तापवून ठेवलेली. कात्रजच्या चढाला तिसऱ्यातून चौथा पडताना आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा खाली यायच्या ऐवजी दोन हजारांवरून तीन हजारांकडे गेला, स्पीड आहे तिथेच, आणि मग धप्पकन गिअर बसला. डीलर म्हणे, "साहेब, ऑटोमॅटिक अशीच असते."

माझं मत स्पष्ट आहे. गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेट घसरायला लागल्या तरी ठरावीक मर्यादा ओलांडेपर्यंत त्याचा कंट्रोलर (कॉम्प्युटर) कोड टाकत नाही. त्यापेक्षा रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्वतः चालू करा, ब्रेक दाबून डी, आर, डी (डी पुढचा, आर रिव्हर्स) करा. गिअर लागायला दोन-तीन सेकंद लागले, तर आत तेलाचं प्रेशर वेळेवर बनत नाही. कडक झालेली सीलं किंवा कमी तेल थंड गाडीतच चुगली करतात.

बिट_बाइट
असहमत. खोट स्कॅनरची नाही, दाखवणाऱ्याची आहे. गाडीला लावायचे स्वस्तातले ब्लूटूथवाले डोंगल (छोटे स्कॅनर) बहुतेक वेळा इंजिनपुरतंच वाचतात. तिथे पी०७०० हा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची तक्रार आहे. खरा कोड त्या कंट्रोलरच्या पोटात असतो आणि तो काढायला चांगला स्कॅनर लागतो. कोड पुसलेत का, हेही कळतं. रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, अपूर्ण दिसतात, आणि बऱ्याच गाड्या 'कोड पुसल्यापासून इतके किलोमीटर' असं सरळ सांगतात. तिथे आकडा चार किलोमीटर आला की डीलरच्या तोंडाकडे बघायचं.

दुसरं, थंड गाडीचं एवढं कौतुक नको. कित्येक सोलेनॉइड (गिअरबॉक्सच्या तेलाची वाट उघडणारे विजेचे व्हॉल्व्ह) गरम झाल्यावरच अडकतात. तापून पातळ झालेल्या तेलाचं प्रेशर गळतं तेही तेव्हाच. तासभर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये काढल्याशिवाय हे दिसणार नाही.

घाटमाथा
गरम गाडी चालवू नका असं कुठे म्हटलंय? दोन्ही करा. पण कात्रजला काटा उडाला तो माझ्या डोळ्यांसमोर, आणि त्याच वेळी कागद म्हणत होता सगळं छान. विश्वास कशावर ठेवायचा?

जुना_पाना
गॅरेज चालवतो म्हणून लिहितो, दोघंही थेट गिअरबॉक्सवरच उडी मारताय. डी टाकल्यावर 'धप्प' होऊन येणारी निम्मी गिऱ्हाइकं गिअरबॉक्स उघडायच्या तयारीत असतात आणि निघतं काय, तर इंजिन माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्याचं, रबर बसलेलं. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून कोणाला तरी डी-आर करायला सांगा आणि बाजूला उभं राहून इंजिन किती उडतं ते बघा. इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगी देणारी) गेली तरी गाडी अशी थरथरते की लोक टॉर्क कन्व्हर्टरला शिव्या घालतात. काटा उडणं मात्र माउंटिंगने होत नाही. ती सेडान सोडा.

रोज_हिंजवडी
सगळ्या ऑटोमॅटिक एका मापाने मोजू नका हो. माझी एएमटी आहे, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन हलवतं. पहिल्यातून दुसऱ्यात मान हलणं हा तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. तिचं बघायचं ते चढावर: आधीच्या मालकाने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय लावली असेल तर क्लच प्लेट संपलेली असते. न्यूट्रलमधून गिअर लागतच नसेल तर आधी मागचा ब्रेक लाइट पेटतो का बघा. दोन-पाचशेचा ब्रेक स्विच असतो तो! आणि सीव्हीटीत गिअरच नसतात, पट्टा आणि दोन पुली. तिथे काटा एका जागी राहून स्पीड वाढणं बरोबर आहे. ते बघून माझ्या दिरांनी चांगली गाडी नाकारली.

मॅन्युअल_जिंदाबाद
एवढी डोकेफोड करण्यापेक्षा डावा पाय वापरा. 😄

बिट_बाइट
@जुना_पाना, एक सांगा. गिअरबॉक्सचं तेल बदलून बघा असा सल्ला सगळे देतात. तुमचं मत?

जुना_पाना
गाडी घ्यायच्या आधी? विकणारा कशाला बदलू देईल! पण डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) असेल तर पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. तपकिरी चालेल. काळं आणि जळका वास म्हणजे प्लेटचा भुगा तेलात आलाय.

घाटमाथा
आणि ज्यांना डिपस्टिकच नाही? 'लाइफटाइम ऑइल' म्हणून सील केलेले?

जुना_पाना
लाइफटाइम म्हणजे कोणाचं, ते कंपनीला विचारा. मी साठ हजार किलोमीटरच्या आसपास बदलतोच. तिथे लिफ्टवर घेऊन लेव्हल प्लगमधून तेल बघावं लागतं, तेही ठरावीक तापमानाला. मालक तयार असेल तर तेल काढून गिअरबॉक्सचा तळाचा पॅन खाली घ्या आणि आतल्या चुंबकावर बोट फिरवा. राखाडी लोण्यासारखा थर असला तर हरकत नाही. चमकणारे कण टोचले तर गाडी परत.

बिट_बाइट
हे पटलं. स्कॅनर तरी न्याच.