अर्धा किलो कुरडया ३२० रुपये, कुरियर १४०. हे काय ओ?

निपाणीकर
बेळगावातनं घरगुती कुरडया मागवल्या. अर्धा किलो ३२०, वर कुरियरचे १४०. मोठ्या कंपनीचं दोनशेचं सामान दिल्लीहून फुकट दारात येतंय, आणि आपलीच माणसं आपल्याला कापतात. मी दुकानातनं अर्ध्या किलोचं पार्सल करतो, ५०च्या वर कधी दिले नाहीत. उरलेले ९० कुणाच्या खिशात गेले?

शहापूरची सून
त्या कुरडया मीच पाठवल्यात, आणि तुमचं वाचून रात्रभर झोप नाही. म्हणून सगळं लिहिते.

तुमचं खोकं घरात असेल तर टेप लावून मोजा. ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटर. गुणाकार १५,०००. कुरियरवाला त्याला ५,०००नं भागतो, म्हणजे ३ किलो. काट्यावर अर्धा किलो असलं तरी बिल ३ किलोचं. ११८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १३९ रुपये २४ पैसे. पावती आहे माझ्याकडं. खोक्याचे १८, टेप, रद्दी हे माझ्या पदरचं.

एवढं मोठं खोकं कशाला म्हणाल. कुरडई तळहाताएवढी, बोट लागलं तरी मोडते. एक थर, वर वर्तमानपत्र, परत थर, चारी बाजूंनी चुरगळलेला कागद. पहिल्या वर्षी साध्या पिशवीतनं पाठवल्या होत्या. गिऱ्हाइकानं वाटीभर चुऱ्याचा फोटो पाठवला, पैसे परत केले. सासूबाईंनी तीन दिवस गहू भिजत घालून, चीक काढून केलेल्या कुरडया होत्या त्या.

आणि कंपनीचं फुकट म्हणजे भाडं किमतीतच धरलेलं असतं. त्यांचे रोजचे हजारो डबे, दर ठरवून घेतलेला. मी दिवसाला सहा खोकी घेऊन काउंटरवर उभी राहते.

निपाणीकर
५,०००नं भागायचं हे कुणी ठरवलं? काट्यावर अर्धा आणि बिलात तीन, मला हे पटत नाही.

टिळकवाडी ५९०००६
मी बारा वर्षं ट्रान्सपोर्टात काढलीत. गाडी वजनानं भरायच्या आधी जागेनं भरते. कापसाचा ट्रक बघा, वजन व्हायच्या आधीच गच्च होतो. तुमच्या कुरडयांनी पुस्तकांच्या पाच गठ्ठ्यांची जागा खाल्ली.

शिनोळीचा पावणा
तुम्हाला १४० देऊन मिळाल्या तरी. मला ताईंनी सरळ नाही म्हटलं. बेळगावातनं अर्ध्या तासावर माझं गाव.

शहापूरची सून
भाऊ, राग मानू नका. माझी जीएसटी नोंदणी नाही. राज्यातल्या राज्यात माल विकायला वर्षाला ४० लाखांपर्यंत ती लागत नाही. पण दुसऱ्या राज्यात जीएसटी लागणारा माल एक रुपयाचा पाठवला तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, कुरडईला नाही. शिनोळी महाराष्ट्रात. मी बीदरला पाठवू शकते, तुम्हाला नाही.

खानापूरचा मास्तर
हीच तर आमची दुखरी नस! कोल्हापूर निपाणीला हाकेच्या अंतरावर, पण बऱ्याच कुरियरवाल्यांच्या दरपत्रकात ते 'परराज्य'. पाचशे किलोमीटरवरचं बेंगळूर मात्र 'राज्यांतर्गत'. १९५६ला दोन राज्यांत रेघ ओढली, १९६७ला सीमाप्रश्नाच्या महाजन आयोगानं निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्या म्हटलं, २००४पासून दावा सुप्रीम कोर्टात. आणि अजून आम्ही त्या रेघेचे पैसे पार्सलागणिक भरतोय.

टिळकवाडी ५९०००६
मास्तर, कुरडईच्या धाग्यात महाजन आयोग कशाला? स्पीड पोस्टला राज्य बघत नाहीत, अंतर बघतात. गावाबाहेर पहिले दोनशे किलोमीटर एकच टप्पा.

खानापूरचा मास्तर
कशाला म्हणजे? पत्त्यात 'बेळगाव' लिहिलं तर ॲप घेत नाही, २०१४पासून बेळगावीच पाहिजे. आणि पोस्टाचं सांगू नका. पुण्याहून पुस्तकं मागवणाऱ्याला विचारा. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद केलं. मराठी पुस्तकाला इथं तेव्हा तेवढाच एक स्वस्त रस्ता होता. पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आली ती मे २०२५ला, तोपर्यंत आमच्या शाळेतल्या पोरांच्या हातात पुस्तक कसं द्यायचं होतं सांगा.

टिळकवाडी ५९०००६
पुस्तकाचं मान्य. नावाचं नाही. माझ्या दारात पार्सल आणणारा पोरगा कन्नड बोलतो, चार जिने चढून येतो. त्याच्यावर कशाला राग काढायचा?

खानापूरचा मास्तर
त्याच्यावर कोण बोललं? शब्द माझ्या तोंडात घालू नका. माझ्या वडिलांनी या सीमाप्रश्नापायी तुरुंग बघितलाय.

शहापूरची सून
दोघांनी थांबा. मास्तर, तुमचं दुःख खरं आहे. पण इथं माझ्यावर चोरीचा आळ आहे, तो आधी निघू दे.

निपाणीकर
मोजलं. ३०, २५, २०. पावतीचा फोटोही बघितला. खिशाचं बोललो ते मागं घेतो. पण हा हिशेब ऑर्डर घेतानाच का सांगितला नाही? नुसते '१४० शिपिंग' लिहिलेत. माणसाला संशय येणारच. आणि दोन पाकिटं घेतली तर दुप्पट का?

शहापूरची सून
सांगायला पाहिजे होतं, हे तुमचं खरं. दोन पाकिटं त्याच खोक्यात एकावर एक दाबून बसत नाहीत, खालच्या मोडतात. उंची ३२ केली की दोन बसतात. मग २४,०००, भागिले ५,०००, पावणेपाचच्या वर, म्हणजे ५ किलोचं बिल. दुप्पट नाही, पावणेदोनपटीच्या आत. तुम्हाला दुप्पट सांगितलं ती माझी चूक. आजच दर दुरुस्त करते. आणि पोचल्यावर पैसे हे परत सुरू करा म्हणू नका. एकानं दारातनं पार्सल परत पाठवलं, जायचं-यायचं दोन्ही भाडं मी भरलंय.

निपाणीकर
बसनं पाठवता येत नाही का? सरकारी बसची पार्सल सेवा, नम्म कार्गो, आहे की.

शहापूरची सून
येतं. पण तुम्हाला स्टँडवर जाऊन घ्यावं लागेल, आणि पेट्यांवर पेट्या रचतात. चालत असेल तर पुढच्या वेळी तसं करू. मोडल्या तर मला सांगा, पैसे परत देईन.

शिनोळीचा पावणा
मी शनिवारी बेळगावला येतोय. दुकानातनं हातात घेतल्या तर कायदा आड येत नाही ना? चार पाकिटं काढून ठेवा. पिशवी मी आणतो.