ऑपरेशन ठरलं होतं, आता ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणताहेत

सांगलीकर: बाबांना गुदाशयाचा कॅन्सर. सर्जन आधी ऑपरेशन म्हणाले, एमआरआय बघून म्हणतात, ‘केस बोर्डात ठेवतो, पुढच्या आठवड्यात या.’ घरात सगळे धास्तावलेत. चालढकल तर नाही ना?

माईची लेक: नाही हो दादा. आईचंही असंच झालं. ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, रेडिओलॉजिस्ट (स्कॅन वाचणारे), पॅथॉलॉजिस्ट (गाठीचा तुकडा तपासणारे) एकत्र बसून उपचार ठरवतात. आईची गाठ आणि गुदाशयाभोवतीचं आवरण यांत १ मिमीसुद्धा अंतर नव्हतं. थेट कापलं असतं तर कडेला कॅन्सरच्या पेशी राहायची भीती. म्हणून आधी रेडिएशन-केमो, गाठ आक्रसल्यावर ऑपरेशन. (काका तोवर ‘काढून टाका एकदाची’ म्हणून डोकं खात होते!)
नुसते रिपोर्ट नेऊ नका. एमआरआयची सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) द्या, तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतात.

जुना कंपाउंडर: शुगर, हृदयाचा त्रास, रोज रेडिएशनला ये-जा जमेल का, हेही सर्जनना सांगा. पेशंट सहसा त्या बैठकीत नसतो.

सांगलीकर: बाबांना शौचासाठी पोटावर लावतात ती पिशवी नकोच आहे. हेही सांगू?

माईची लेक: अहो, ते तर आधी सांगा. आणि बाबांनाच बोलू द्या.