पीएस5 प्रोला जास्तीचे पैसे घालावेत का? (टीव्ही 43 इंची, 4के, 60 हर्ट्झ)

निपाणी_43: गेम कन्सोल घ्यायचाय: सोनीचा साधा डिस्कवाला पीएस5, बाहेरून मागवलेला त्याचाच जास्त ताकदीचा प्रो, की मायक्रोसॉफ्टचा स्वस्तातला एक्सबॉक्स सिरीज एस? पावसाळ्यात आमच्याकडं करंट सारखा जातो, तेही धरून सांगा.

टिळकवाडीकर: साधा पीएस5 घ्या. प्रोच्या जीपीयूत (चित्र काढणारी चिप) 36 ऐवजी 60 कंप्यूट युनिट (गणित करणारे भाग) आहेत, पण सीपीयू (मुख्य प्रोसेसर) तोच आठ कोरचा झेन 2. वेग 3.5 वरून फार तर 3.85 गिगाहर्ट्झ. गेममधल्या गर्दीच्या शहरात फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडतात त्या बऱ्याचदा सीपीयू दमल्यामुळं, आणि तिथं प्रो फारसं काही करू शकत नाही. त्याचा खरा फायदा परफॉर्मन्स मोडमध्ये (रेखीवपणापेक्षा फ्रेमना प्राधान्य): सेकंदाला 60 फ्रेम ठेवून चित्र जास्त रेखीव. 43 इंच आठ फुटांवरून बघताना तो फरक डोळ्यांत भरत नाही. 120 फ्रेम तर तुमचं 60 हर्ट्झचं पॅनेल दाखवणारच नाही. शिवाय प्रोला डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो. जुन्या डिस्क विकत-बदलत खेळणाऱ्यानं हा खर्च आधी धरावा. बाहेरून आणलेल्या मशीनला इथं वॉरंटी मिळेलच असं धरू नका.

खानापूर_रोड: सिरीज एस फक्त डिजिटल आहे (डिस्क चालत नाही), आणि अडचण जीपीयूपेक्षा मेमरीची: 10 जीबी, मोठ्या सिरीज एक्सला 16. बाल्डर्स गेट 3 हा गेम डिसेंबर 2023 मध्ये एक्सबॉक्सवर आला तेव्हा एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय) नव्हती, ती 2025 च्या पॅचमध्ये मिळाली. गेम पास (मायक्रोसॉफ्टची वर्गणीवरची गेम सेवा) घेऊन हलके गेम खेळायचे असतील तर एस बरा.

इन्व्हर्टरवाला: करंटचं बघा की आधी. पीएस5 खेळताना साधारण 200 वॅट ओढतो, वर टीव्ही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर नको, प्युअर साइन वेव्हच (घरच्या करंटसारखा गुळगुळीत करंट देणारा) घ्या. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ जास्त लागतो आणि कन्सोल बंद पडतो. रात्री कन्सोल रेस्ट मोडवर (अर्धवट झोपलेला) सोडू नका, पूर्ण बंद करा. करंट गेल्यावर गेम उघडेनासे झाले तर बंद मशीनचं पॉवर बटण दुसरा बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. कंट्रोलर यूएसबी केबलनं जोडा आणि सेफ मोडमधून (दुरुस्तीचा मेनू) रीबिल्ड डेटाबेस (साठवलेल्या गेमची यादी नव्यानं बनवणं) करा. सेव्ह जात नाहीत.

निपाणी_43: उरलेल्या पैशात जागा वाढवायला एसएसडी (वेगवान साठवण) घालता येईल का हो?

टिळकवाडीकर: येईल की. एम.2 जेन 4 (कन्सोलच्या आत बसणारी पट्टीसारखी एसएसडी), वेग 5,500 एमबी प्रति सेकंद किंवा वर, हीटसिंकसकट (उष्णता घालवणारं धातूचं आवरण) जाडी 11.25 मिलिमीटरच्या आत. जुनी यूएसबी हार्डडिस्क असेल तर तिच्यावरून पीएस4 चे गेम चालतात. पीएस5 चे नुसते साठवता येतात, खेळायला परत कन्सोलच्या आतल्या साठवणीत घ्यावे लागतात.