अखेरच्या दिवसांत घरी सिडेशन (औषधाने गुंगी देणं): डोस किती, संमती कोणाची?

सत्तरीची_नर्स: होम-केअरवर फुप्फुसाच्या कर्करोगाचे पेशंट आहेत, वाळपईच्या बाजूला. काही दिवसच उरलेत. वेदनेसाठी मॉर्फिन चालू आहे, तरी रात्री तळमळतात, हातपाय झटकतात. थोरला मुलगा म्हणतो, मॉर्फिन वाढवून झोपवा. धाकट्याला ते मारणं वाटतं. लिव्हिंग विलही (शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेलं पत्र) नाही. काय करावं?

बांबोळीवाला: मॉर्फिन झोपवायला वापरू नका. मूत्रपिंड मंदावलं की त्याचे घटक साचतात, तेव्हाच असे झटके येतात. डोस वाढवलात तर तळमळही वाढेल. डॉक्टरांना विचारून डोस कमी करा किंवा औषध बदला. आधी ओटीपोट चाचपा. तुंबलेली लघवी कॅथेटरने मोकळी होते आणि अर्ध्या केसेस तिथेच शांत होतात, असं माझं मत. शौच कधी झाली तेही बघा. भ्रम असेल तर हॅलोपेरिडॉल 0.5 ते 1 मि.ग्रॅ. त्वचेखाली.

एवढं करूनही आवरलं नाही तरच मिडाझोलाम (गुंगी आणणारं औषध), तेही डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरवर: 2.5 मि.ग्रॅ. त्वचेखाली, मग पंपावर (औषध सतत थोडं थोडं सोडणारं यंत्र) तासाला 0.5 ते 1 मि.ग्रॅ. अँप्युल 1 मि.ग्रॅ. आणि 5 मि.ग्रॅ. प्रति मि.लि. अशा दोन्ही मिळतात. लेबल न वाचता भरलं की पाचपट चूक. पावसात वीज जाते, पंपाची बॅटरी आधी बघा.

फोंडेकर_डॉक: 2024 पासून गोव्यात लिव्हिंग विलची चर्चा जास्त, म्हणून हा गोंधळ. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालातली आणि जानेवारी 2023 मध्ये सोपी केलेली ती दोन वैद्यकीय मंडळं (डॉक्टरांच्या समित्या) जीव टिकवणारे उपचार थांबवण्यासाठी आहेत. त्रास शमवणाऱ्या सिडेशनला ती लागत नाहीत. सलाईन बंद करायचं का, हा वेगळा निर्णय. दोन्ही एका वाक्यात घरच्यांसमोर मांडू नका.

धाकट्याला चार्ट दाखवा. हेतू तिथेच दिसतो: प्रत्येक डोससमोर वेळ, लक्षण आणि परिणाम. त्रास शमेल तेवढंच औषध. पेशंट शांत असताना डोस चढत गेला, तर त्याची शंका रास्त.

सत्तरीची_नर्स: सकाळी ते शुद्धीत असतात, बोलतातही.

फोंडेकर_डॉक: मग त्यांनाच विचारा, मुलांना नंतर. फक्त रात्रीपुरती झोप हवी का, असं विचारा. बहुतेकांना सकाळी घरच्यांशी बोलायचं असतं. खोल, सलग सिडेशन त्यानंतरची गोष्ट.