नाशिकमध्ये फोमचं कसरतीचं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान घरी करायचंय : साहित्य, मोटर, उडवायची जागा?

इंदिरानगरी
नमस्कार मंडळी. भाचा यंदा दहावीला आणि डोक्यात एकच खूळ: ते फोमचं विमान, जे नाक आभाळाकडे करून हवेत एका जागी लटकतं. परीक्षा झाली की करू असं त्याला सांगितलंय, पण खरं म्हणजे धीर मलाच नाही. शाळेत असताना ओझरच्या विमान कारखान्यातली मिग लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की अख्खा वर्ग खिडकीशी जायचा, त्यातलाच मी एक.

जमवलेलं सामान: फ्लायस्कायचा आय-६ रेडिओ म्हणजे रिमोट (मित्राकडे धूळ खात होता), २२१२ मोटर १००० केव्ही (एका व्होल्टला हजार फेरे), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), थ्री-एस (तीन सेलची) २२०० एमएएचची लायपो बॅटरी. आणि मेन रोडवरून ३ मिमी सनबोर्डाचे (पाट्यांसाठी वापरतात ते प्लास्टिक) दोन शीट. नकाशा ८५ सेंमी पंखांचा, चपट्या फोमचा आहे. अनुभव शून्य. सनबोर्ड चालेल ना? चिकटवायचं कशाने? आणि उडवायचं कुठे?

उलटी चिमणी
आधी सनबोर्ड परत करून या. विश्वास बसत नसेल तर ३० बाय ३० सेंमीचा तुकडा कापून काट्यावर ठेवा, शंभर ग्रॅमच्या पुढे जाईल. ६ मिमी डेप्रॉनचा (हलक्या, गुळगुळीत फोमच्या शीटचा) तेवढाच तुकडा वीसेक ग्रॅम भरतो. सनबोर्डाचं विमान नाही होणार, पाटी होईल. ‘फ्लॅट भाड्याने देणे आहे’ लिहून गेटला लावा.

डेप्रॉन मला नाशिकच्या दुकानांत सापडलं नाही, ऑनलाइन मागवलं. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावून पाठवायला सांगा, नाहीतर कोपरे मोडून येतात. सजावटीचा थर्माकोल नको, दाणे सुटतात आणि पातळ कापला की तुकडा पडतो. ईपीपी (लवचीक फोम) मिळालं तर आपटून मोडत नाही, पण लिबलिबीत असतं. त्यात आधाराच्या काड्या जास्त घालाव्या लागतात आणि वजन परत तिथेच.

गोंदाबद्दल माझं ऐका, कारण मी भोगलंय. पहिल्या विमानाच्या नाकाला नेहमीची झटपट चिकटणारी ट्यूब लावली. फोम डोळ्यांदेखत विरघळला, मोटर बसवायच्या जागी विहीर. ती ट्यूब ईपीपीला चालते, डेप्रॉनला आणि थर्माकोलला नाही. रबरी सोल्यूशन आणि स्प्रे पेंटचीही तीच गत. फोम-सेफ लिहिलेला गोंद घ्या, किंवा पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी. इपॉक्सी काडीने, अगदी थोडा. ग्लू गन चालते, पण आधी टाकाऊ तुकड्यावर बघा, फार तापली की खड्डा पडतो.

निवृत्त फिटर
चिमणीताईंनी फोमचं सांगितलं. तुमचा दुसरा घोटाळा बॅटरी. थ्री-एस २२०० म्हणजे जवळपास १८० ग्रॅम. या आकाराच्या विमानाला ८५० ते १००० ची पुरते, ती ऐंशीच्या आसपास. उड्डाण पाच-सात मिनिटांचं होईल, पण होईल.

वजनाचा हिशोब ग्रॅममध्ये कागदावर मांडा. मोटर ५०, ईएससी २५, नऊ ग्रॅमचे तीन सर्व्हो, म्हणजे पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, २७ (दोन्ही एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, मधल्या एकाच सर्व्होवर चालतात, चौथा कशाला?), रिमोटचे इशारे घेणारा रिसीव्हर १५, बॅटरी ८०, प्रॉप (मोटरचा पंखा), तारा आणि कनेक्टर २०. झाले २१७. फोम, काड्या आणि गोंद मिळून १३० मध्ये बसवा. एकूण साडेतीनशे. तुमची मोटर दहा इंची प्रॉपवर, १०४५ म्हणतात तो, साधारण ८०० ग्रॅम ओढते. लटकायचं तर ओढ वजनाच्या दीडपट तरी हवीच, तुम्हाला दुपटीच्या वर मिळते. म्हणून मोटर बदलू नका. हजार केव्ही आणि मोठा पंखा हीच जोडी हळू कसरतीला बरी. जास्त केव्हीची मोटर आणि छोटा पंखा वेगासाठी.

आता बांधणी. आयुष्य ओझरला फिटरकी करण्यात गेलं, त्यामुळे हे जरा लांबेल. धड आडव्या आणि उभ्या अशा दोन फोमच्या पाट्यांचं, एकमेकींत फुलीसारखं. ही फुली काटकोनात नसेल तर पुढे रेडिओवर कितीही ट्रिम (बारीक दुरुस्ती) करा, विमान लूपमध्ये, म्हणजे उभ्या गोल फेरीत, वाकडं बाहेर पडणार. सुताराचा गुण्या लावा, टाचण्या मारा, गोंद सुकेपर्यंत हात लावू नका. पंख आणि शेपटीची आडवी पट्टी एकमेकांना समांतर आहेत का, ते मागे उभं राहून एक डोळा मिटून बघा. मोटर दोन अंश उजवीकडे वळवून बसवा.

हलणाऱ्या पट्ट्यांच्या कडा ४५ अंशांत तासा आणि बिजागरीला चांगली पॅकिंग टेप लावा. त्याआधी फोमवरची धूळ पुसा. टेप सुटते ती नव्वद टक्के धुळीने. (टक्का माझ्या मनाचा.)

कामटी
येवल्याहून. कार्बनच्या काड्या महाग वाटत असतील तर आमच्याकडच्या पतंगाच्या कामट्या घ्या. संक्रांतीनंतर ढिगाने पडलेल्या असतात. पंखाच्या पुढच्या तिसऱ्या भागात खाच पाडून एक लांब कामटी घाला, सालीची बाजू बाहेर. आत घालण्याआधी मधोमध बोटावर तोला आणि दोन्ही टोकं वाकवून बघा. एक बाजू जास्त लवत असेल तर दुसरी तासा. पतंग एकीकडे का ओढतो हे ज्याला कळलं त्याला हे सांगावं लागत नाही. खालच्या तिरक्या आधारांना मात्र बारीक कार्बनच बरा, बांबू तिथे जाड होतो.

आणि संक्रांतीच्या आठवड्यात विमान बाहेर काढू नका, मांजा प्रॉपमध्ये गेला की मोटर जाम.

सातपूरकर
सगळे बांधणीत रमलेत म्हणून विचारतो. पहिलंच विमान कसरतीचं? आधी वर पंख असलेलं, आपोआप सरळ होणारं ट्रेनर करा. कसरतीचं विमान स्वतःहून सावरत नाही, ठेवाल तसं राहतं. भाचा दोन मिनिटांत जमिनीत खुपसेल आणि छंद तिथेच संपेल.

उलटी चिमणी
सातपूरकर, पटतंय, पण पूर्ण नाही. साडेतीनशे ग्रॅमचं फोमचं विमान बरंच हळू उडवता येतं, पडलं तर टेपने जोडून पुन्हा हवेत. जड ट्रेनर पडतो तेव्हा जास्त मोडतो. अट एकच, आधी सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर उडवण्याचा सराव. पिकासिम फुकट आहे. दहा तास करा. विमान समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, तिथेच सगळे पडतात. जो पंख खाली गेलाय, स्टिक त्याच बाजूला ढकलायची, एवढं बोटांत भिनू द्या.

निवृत्त फिटर
शिवाय रेडिओत ड्युअल रेट असतो, म्हणजे पट्ट्या कमी हलवायची सोय. पहिल्या दिवशी पट्ट्या १५-२० अंशच हलू द्या, एक्स्पो (स्टिक मधोमध मऊ करणारी सेटिंग) ३०-४० टक्के. ४५ अंशांची मजा नंतर. सीजी (विमान तोललं जातं तो बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक तृतीयांशावर, सुरुवातीला त्याहून थोडा पुढेच. त्यासाठी शिसं चिकटवू नका, वेल्क्रोवरची बॅटरी पुढे-मागे सरकवा. टेबलावर काहीही तपासताना प्रॉप काढून ठेवा, हे भाच्याला दोनदा सांगा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर यायला हवा, हे प्रत्येक वेळी बघायचं.

लायपो मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करा आणि खोली सोडून जाऊ नका. आठवडाभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडीत विसरू नका.

सातपूरकर
बरं, हरलो. जागेचं तरी ऐका, कारण नाशिकमध्ये खरी अडचण तीच. ओझरला विमानतळ, देवळालीला तोफखान्याचं केंद्र, गांधीनगरला लष्कराची हवाई तळपट्टी, नाशिक रोडला नोटांचा छापखाना. शहराच्या पूर्व-दक्षिणेला जिथे बोट ठेवाल तिथे काहीतरी निघतं. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या वर ते २ किलो म्हणजे मायक्रो. हौसेसाठी त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण लाल-पिवळे-हिरवे झोन (कुठे बंदी, कुठे परवानगीने, कुठे मोकळं) सगळ्यांना लागू. जागा ठरवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा या झोनचा नकाशा उघडा, जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा, मालकाची परवानगी घ्या.

आम्ही दोघं-तिघं गिरणाऱ्याच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या पडीक रानात जातो. सकाळी साडेसहा ते आठ. नंतर वारा सुटतो आणि एवढं हलकं विमान पाचोळ्यासारखं जातं. शेजारी द्राक्षबाग आहे. बागेत पडलं तर मालकाला हाक मारल्याशिवाय आत जायचं नाही. वरच्या तारा दिसत नाहीत, फवारणी झालेली असते आणि जानेवारी-फेब्रुवारीत घड लागलेले असतात. माझं एकदा मांडवावर अडकलं होतं. विमान मिळालं, वर मालकाचं व्याख्यान.

इंदिरानगरी (तीन आठवड्यांनी)
सनबोर्ड परत घेतला नाही, त्याचा भाच्याने प्रकल्पाचा फलक केला. डेप्रॉन आलं, गुण्या शेजारच्या सुतारकाकांचा, कामट्या येवल्याच्या. बहिणीच्या केकच्या काट्यावर ३६८ ग्रॅम. सिम्युलेटर भाच्याचे चौदा तास, माझे तीन. काल सकाळी सातपूरकरांसोबत गेलो. उडालं! पण जेमतेम. पूर्ण थ्रॉटलला सरळ जातं, नाक वर केलं की दम संपतो. लटकणं सोडाच, वर चढायलाही कुरकुर करतं. बॅटरी पूर्ण भरलेली, १००० ची, २५ सी (एका दमात किती करंट देते तो आकडा). मोटर वाया गेली का?

उलटी चिमणी
ईएससी कॅलिब्रेट केला का, म्हणजे त्याला स्टिकची हद्द शिकवली का? स्टिक पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडायची, बीप झाले की खाली. प्रॉप काढून!

इंदिरानगरी
केलाय ताई, दोनदा.

निवृत्त फिटर
पंख्यावर १०४५ छापलंय ना? ते आकडे कुठल्या बाजूला आहेत? पुढे की मोटरकडे?

इंदिरानगरी
मोटरकडे.

निवृत्त फिटर
पुढे हवेत. उलटा बसवलाय. ढकलतो तसाही, पण निम्म्या मनाने.

इंदिरानगरी
काका, फिरवून बसवला. आत्ता गच्चीवर भाच्याने शेपटीला घट्ट धरून ठेवलं आणि मी थ्रॉटल अर्ध्याच्या थोडा वर नेला. तो ओरडतोय, मामा, बंद कर, हातातून निसटतंय.