मदत हवी आहे: गृहभेटीत सहकारी कार्यकर्तीवर हल्ला, पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महिला समुपदेशन केंद्रात काम करते. बारा वर्षं झाली. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी, दोन्हीकडच्या बैठका, कोर्टाचे कागद आणि गृहभेटी, हे आमचं काम.

गेल्या आठवड्यात आमची एक कार्यकर्ती वस्तीवर गृहभेटीला गेली. वय चोवीस, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन जेमतेम वर्ष झालंय. मी कोर्टात अडकले होते म्हणून एकटीच गेली. घरात त्या वेळी पुरुषमाणूस नसतं, असं तक्रारदार बाईने फोनवर सांगितलं होतं. पण नवरा आणि दीर दोघंही होते. दिराने आधी स्कूटीची चावी काढून घेतली, मग "आमचं घर मोडायला आलीस का" म्हणत पाण्याचा तांब्या फेकून मारला. भुवईवर तीन टाके पडले. शेजारच्या आजींनी चावी परत मिळवून दिली म्हणून ती निघू शकली. ऑफिसात आली तेव्हा एका हाताने ओढणी कपाळावर दाबलेली आणि दुसऱ्या हातात केसची फाइल. "ताई, कागद सगळे आहेत," हे तिचं पहिलं वाक्य.

पोलीस ठाण्यात अडीच तास बसलो आणि हातात एनसी पडली. "किरकोळ मारहाण आहे, कोर्टात जा." मला हे पटत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 30 म्हणतं की संरक्षण अधिकारी आणि सेवा देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचे सदस्य त्या कायद्याखालचं काम करताना लोकसेवक मानले जातात. आमची कलम 10 खाली नोंदणी आहे. मग लोकसेवकाला कामापासून रोखण्यासाठी केलेल्या हल्ल्याचं कलम, भारतीय न्याय संहितेचं 132, म्हणजे भारतीय दंड संहितेचं जुनं 353, का लागू नये? ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायला हवा. ठाण्यात मात्र एकच उत्तर, तुम्ही सरकारी नोकर कुठे आहात.

कुणी कलम 30 दाखवून गुन्हा नोंदवून घेतला आहे का? एसपींकडे लेखी अर्ज करणार आहोत, तिथे दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, टाक्यांचा वैद्यकीय दाखला आणि गृहभेटीची नोंदवही जोडतेय. आणखी काय लागेल? वकील मंडळींनी कृपया सांगावं.

दुसरा प्रश्न आमच्या आमच्यातला. वरिष्ठ म्हणतात, "या क्षेत्रात हे चालायचंच." हे वाक्य मला फार लागलं. राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरीदेवींवर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्या सरकारी कार्यक्रमातल्या साथीन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्ती होत्या, आपलं कामच करत होत्या. त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा सुप्रीम कोर्टाचा 1997 चा विशाखा निकाल आला. इतक्या वर्षांनी आम्हाला 'चालायचंच' ऐकवावं? महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी 2010 चा कायदा आहे, पत्रकारांसाठी 2017 चा. वस्तीवर फिरणाऱ्या कार्यकर्तीसाठी वेगळं काहीच नाही.

गृहभेटी बंद करा, असं कृपया सुचवू नका. ऑफिसात सासूशेजारी बसलेली बाई "सगळं ठीक आहे" म्हणते. घरी गेलं की दिसतं तिचं अंथरूण कुठे पडतं, फोन कुणाच्या खिशात असतो, आपल्याला चहा द्यायला ती कुणाची परवानगी घेते. ते पाहिल्याशिवाय अहवाल लिहिता येत नाही.

सध्या आम्ही ठरवलंय की पहिली भेट दोघींनीच करायची, निघताना पत्ता नि परतीची वेळ फळ्यावर लिहायची, गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची, आत दाराजवळ बसायचं. वेळेत फोन आला नाही तर ऑफिसातून 112 ला कळवायचं. पण दोघी गेल्या की दुसऱ्या केसेस खोळंबतात आणि प्रवासखर्च एकीचाच मंजूर होतो. तुमच्या संस्थेत हे कसं बसवलंत? प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात अपघात विमा, दुसरीचा प्रवासखर्च कुणी मंजूर करून घेतलाय का? नमुना असेल तर इथे टाका.

आमच्या या कार्यकर्तीची आई आता तिला कामावर पाठवायला तयार नाही. ती स्वतः मात्र रोज विचारतेय, त्या बाईचं काय झालं. त्या बाईचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवलंय, सोमवारी पोलीस सोबत घेऊन जायचं ठरतंय. कोणती काळजी घ्यावी, तेवढं तरी सोमवारच्या आत सांगा.