रविवारच्या उपासनेनंतर सोमवारी ख्रिस्ताला कामावर कसे न्यावे?

प्रश्न (कोपरी, ठाणे पूर्व):
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. माझा जन्म ख्रिस्ती कुटुंबात झाला असून रविवारची उपासना व प्रभुभोजन सहसा चुकत नाही. तरीही सोमवारी ट्रान्स हार्बरच्या गाडीने घणसोलीला उतरून कार्यालयात शिरले की दिवसभर प्रभूची आठवणही होत नाही. मी खरेदी विभागात आहे. माल आलेला नसताना तो आल्याची नोंद करण्यास वरिष्ठ सांगतात. संध्याकाळी दमून घरी आल्यावर सासूबाईंशी बोलताना माझा स्वर चढतो. ख्रिस्ताला जीवनात स्वीकारणे या तासांमध्ये नेमके कसे घडावे? प्रार्थनेचा वेळ वाढवणे पुरेसे आहे का?

उत्तर (ऐरोली):
ताई, सलाम. दाराशी उभा राहून ठोकणाऱ्या ख्रिस्ताचे वचन (प्रकटीकरण ३:२०) आपल्याकडे बहुधा नव्याने विश्वास ठेवणाऱ्यांना ऐकवले जाते. परंतु ते लावदिकीया येथील मंडळीला, म्हणजे त्याचे नाव आधीपासूनच घेणाऱ्या आणि स्वतःला काही उणे नाही असे समजणाऱ्या लोकांना लिहिलेले आहे. त्यामुळे आपला प्रश्न विश्वास नसल्याचे लक्षण आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

लूकच्या १९व्या अध्यायातील जक्कय पाहा. तो मुख्य जकातदार होता. येशू त्याच्या घरी उतरला आणि जक्कय बोलला ते पैशांबद्दल: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याच्याकडून अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत. यातील क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण हिशेब चोख झाल्यावर प्रभू आला नाही. प्रभू आधी आला आणि मग हिशेब उघडले गेले. जकातदाराचे काम सोडण्याची आज्ञा येशूने दिल्याचे लूक लिहीत नाही.

म्हणून आपल्यालाही नोकरीतच राहून त्याचे स्वागत करता येईल. माल आला नसेल तर नोंद करू नये. "माल मिळताच नोंद करते" एवढेच वरिष्ठांना नम्रपणे आणि शक्यतो लेखी कळवावे. प्रवचन नको. नोकरी जाण्याची भीती खरी असते, म्हणून मंडळीतील दोन विश्वासू व्यक्तींना आधीच सांगून ठेवा. हा भार आपण एकटीने वाहू नये.

उत्तर (मासुंदा तलाव परिसर, ठाणे):
आम्हा कॅथलिकांमध्ये दिवसाच्या शेवटी आत्मपरीक्षण करण्याची रीत आहे. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी तिला विशेष महत्त्व दिले. देवाचे आभार मानावेत, दिवस त्याच्यासमोर तासातासाने आठवावा, चुकले तेथे क्षमा मागावी आणि उद्यासाठी कृपा मागावी. परतीच्या गाडीतही हे होते. प्रार्थनेची लांबी वाढवण्यापेक्षा तिच्यात कार्यालय येऊ देणे अधिक उपयोगी ठरेल.

उत्तर (नेरूळ):
सासूबाईंचा विषय मागे पडला, म्हणून लिहिते. वेदीजवळ अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). तेव्हा रविवारची वाट पाहू नका. त्या विश्वासात असतील, तर रात्री दोघींनी मिळून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे एखादे भजन म्हणा. नसतील, तर आग्रह अजिबात करू नका. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्या काही वर्षांनी स्वतःच्या मनाने आल्या.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. सासूबाई आमच्याच मंडळीतील आहेत. आज रात्रीच त्यांच्याशी बोलते. ऐरोलीचे काका, मी नकार दिल्यावर तीच नोंद सहकाऱ्याने केली, तर गप्प राहावे का?

उत्तर (ऐरोली):
गप्प राहू नये, परंतु आधी त्यालाच एकांतात सांगावे. मत्तय १८:१५ मध्ये बंधूंसाठी दिलेला क्रम येथेही योग्य वाटतो. त्याने ऐकले नाही तरी खोट्या नोंदीवर आपली सही होऊ देऊ नका, आणि तपासणीत कोणी विचारलेच तर जे खरे आहे तेच सांगा.